बेसबॉलच्या ग्रेडेड रुकी कार्डाची किंमत कशी ठरते? खरेदीआधी मोबाइलवर काय तपासायचं?



काही दिवसांपूर्वी रात्री साडेअकराला माझ्या मावसभावाचा व्हॉट्सॲप मेसेज आला. तो टेक्सासमध्ये एमएस करतोय. एक स्क्रीनशॉट आणि खाली एवढंच: "दादा, हे घेऊ का? ऑफर सकाळपर्यंतच आहे."

स्क्रीनशॉटमध्ये पत्त्याएवढं एक कार्ड होतं. जाड पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये सील केलेलं, वर लाल चौकटीचं लेबल, त्यावर मोठा १०. कार्डवर टोपी घातलेला हसरा पोरगा, केन ग्रिफी ज्युनियर. वर्ष १९८९, कंपनी अपर डेक. मागितलेली रक्कम म्हणजे भावाचं दोन महिन्यांचं घरभाडं. विकणारा कुठल्याशा सोशल मीडिया ग्रुपवरचा, आणि त्याचं म्हणणं की बाजारभावापेक्षा बराच स्वस्त देतोय.

भावाला बेसबॉल फारसं कळत नाही, पण रूममेटच्या नादाने कार्डांचं वेड लागलंय. आपल्याकडेही हल्ली रील्समध्ये "हे कार्ड फोडलं आणि लाखो डॉलर मिळाले" छापाचे व्हिडिओ येतात. म्हणून त्या रात्री त्याला जे समजावलं, तेच इथे नीट लिहून काढतोय.

आधी तीन शब्द

रुकी कार्ड. रुकी म्हणजे पदार्पणाच्या मोसमातला खेळाडू. त्याचं मुख्य लीगचं पहिलं अधिकृत कार्ड ते रुकी कार्ड. २००६ पासून अशा कार्डांवर 'आरसी' असा छोटा लोगो छापतात, त्यामुळे नवीन कार्डांमध्ये ओळखायला सोपं जातं. जुन्या कार्डांच्या बाबतीत मात्र संग्राहकांमध्ये वाद असतात.

ग्रेडिंग. तुम्ही कार्ड एका कंपनीकडे पाठवता, ती ते खरं आहे का बघते, अवस्थेला १ ते १० गुण देते आणि प्लॅस्टिकमध्ये सील करून परत पाठवते. पीएसए ही यातली सगळ्यात चालणारी कंपनी, सुरुवात १९९१ ची. बेकेट, एसजीसी, सीजीसी ही बाकीची मोठी नावं. २०२४ मध्ये पीएसएच्या मालक कंपनीने एसजीसी विकत घेतली.

स्लॅब. ती सील केलेली प्लॅस्टिकची डबी. आपल्याकडच्या नाण्यांच्या प्रदर्शनात अशाच डबीत ठेवलेली नाणी तुम्ही पाहिली असतील. ते साम्य उगाच नाही. पीएसए सुरू करणारे डेव्हिड हॉल मूळचे नाण्यांच्या ग्रेडिंगमधलेच.

आता मुद्द्याचं.

किंमत कार्डाची नसते, त्या ग्रेडमधल्या कार्डाची असते

बहुतेक जण इथेच चुकतात. "ग्रिफीचं रुकी कार्ड केवढ्याला जातं?" हा प्रश्नच अपुरा आहे. तेच कार्ड ८ ग्रेडमध्ये, ९ मध्ये आणि १० मध्ये बाजारात जवळपास तीन वेगळ्या वस्तू असल्यासारखं विकलं जातं. ८ वरून ९ वर जाताना भाव थोडा वाढतो, आणि ९ वरून १० वर जाताना कधीकधी पाच-दहा पटींची उडी असते. डोळ्यांनी पाहिलं तर ९ आणि १० मधला फरक तुम्हाला-मला बहुधा दिसणारही नाही.

मग एवढी उडी का? कारण पैसे देणारा माणूस 'यापेक्षा चांगलं अस्तित्वातच नाही' या गोष्टीचे पैसे देतो. आणि असे तुकडे किती आहेत, हे त्याला मोजून माहीत असतं. ग्रेडिंग कंपन्या आजवर कुठल्या कार्डाला कुठला ग्रेड किती वेळा दिला याची यादी उघड ठेवतात. तिला पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात, बोलताना नुसतं 'पॉप'. पीएसएच्या वेबसाइटवर हा फुकट बघता येतो, मोबाइलवरही.

दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. पहिलं आपलं ग्रिफीचं. अपर डेकचा १९८९ चा सेट हा कंपनीचा पहिलाच, आणि त्यात ग्रिफीला क्रमांक १ दिला होता. (गंमत म्हणजे मूळ फोटोत त्याच्या डोक्यावर दुसऱ्याच, खालच्या लीगमधल्या संघाची टोपी होती, रंगकाम करून ती सिॲटल मरिनर्सची केली.) हे कार्ड अमाप छापलं गेलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेत कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की संग्राहक त्या काळाला 'जंक वॅक्स' म्हणजे कचऱ्याचा काळ म्हणतात. आज या कार्डाचे पीएसए १० चार हजारांहून जास्त आहेत. तरी त्याला भाव आहे, कारण त्या पिढीच्या हजारो मुलांचं ते स्वप्नातलं कार्ड होतं आणि आता तीच मुलं कमावती झालीत.

दुसरं उदाहरण डेरेक जीटरचं १९९३ चं 'एसपी' कार्ड. हेही तसं दुर्मीळ नाही, ग्रेड झालेली भरपूर आहेत. पण ते चकचकीत फॉइलवर छापलेलं आहे. पाकिटातून काढतानाच कडेची फॉइल उडते, बोट घासलं तरी ओरखडा दिसतो. त्यामुळे ८ आणि ९ ढिगाने आणि १० अगदी मोजके. म्हणून जीटरचा १० हा ग्रिफीच्या १० पेक्षा कितीतरी महाग. म्हणजे कार्ड कशावर छापलंय, हेसुद्धा भाव ठरवतं.

जुन्या काळात गेलं की हे आणखी टोकाला जातं. नोलन रायनचं १९६८ चं टॉप्स रुकी कार्ड पीएसए १० मध्ये २०१६ साली ६ लाख १२ हजार डॉलरला विकलं गेलं. त्यावर तो एकटा नाही, जेरी कूझमनसोबत अर्ध्या जागेत आहे! पण तेव्हाची पोरं कार्डं रबरबँड लावून खिशात ठेवायची, सायकलच्या चाकात अडकवायची. साठ वर्षांनी धारदार कोपऱ्याचं कार्ड मिळणं म्हणजे नशीबच.

पॉपचा आकडा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पॉप कमी म्हणजे कार्ड मौल्यवान असं नाही. कुणालाच नको असलेल्या खेळाडूचं कार्ड ग्रेडिंगला पाठवणार कोण? त्याचाही पॉप ३ दिसेल. दोन, हा आकडा वाढत जातो. नवीन कार्ड आलं की पहिल्या महिन्यात 'जगात फक्त १२ पीएसए १०' अशी जाहिरात होते आणि वर्षभरात ते बाराशे होतात. काही लोक तर ९ चा स्लॅब फोडून कार्ड परत पाठवतात, १० मिळेल या आशेने. जुनं लेबल कंपनीला परत दिलं नाही तर एकच कार्ड यादीत दोनदा मोजलं जातं.

१० मिळतो कसा?

चार गोष्टी बघतात: छपाई मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. बेकेट या चारही गोष्टींचे वेगळे गुण लेबलवर छापते, आणि चारही १० आले तर काळं लेबल मिळतं. त्या 'ब्लॅक लेबल'चा भाव साध्या १० पेक्षा खूप वर असतो.

यातली पहिली गोष्ट तुम्ही मोबाइलवर स्वतः मोजू शकता. कार्डचा फोटो अगदी सरळ वरून काढा (तिरका काढला तर एक कड उगाच जाड दिसते). गॅलरीत झूम करून डावी आणि उजवी पांढरी कड किती पिक्सेल भरते ते बघा. समजा डावी ३३, उजवी २७. एकूण ६०. मग ३३ म्हणजे ५५ टक्के. याला ५५/४५ म्हणतात. पीएसएच्या १० ला समोरच्या बाजूला साधारण एवढंच चालतं, मागच्या बाजूला ७५/२५ पर्यंत. ३६ आणि २४ भरलं, म्हणजे ६०/४०, तर १० ची आशा सोडा. वर-खालच्या कडाही अशाच मोजायच्या.

प्ले स्टोअरवर कॅमेऱ्याने ग्रेडचा अंदाज देणारी ॲप्स आहेत. माझं मत विचाराल तर कडा मोजायला ती ठीक आहेत. पण पृष्ठभागावरची बारीक रेघ प्रकाश फिरवून पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि ते एका फोटोत होत नाही. ॲपने १० सांगितला म्हणून कार्ड पाठवणारे आणि हातात ८ घेऊन बसलेले लोक बरेच आहेत. प्रत्येक कार्डामागे साधारण वीस-तीस डॉलर फी, वर पोस्टेज. भारतातून पाठवायचं तर कुरिअर आणि कस्टमचा घोळ वेगळाच.

आणि हा आकडा शेवटी माणसांनी दिलेलं मत आहे, हे विसरू नका. पीएसएने १९९१ मध्ये ग्रेड केलेलं अगदी पहिलं कार्ड म्हणजे १९०९ च्या सुमाराचं होनस वॅगनरचं सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड. त्याच वर्षी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ते ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं. त्याला ८ मिळाला. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. मग २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने कापून सरळ केल्या होत्या. कडा कापलेल्या कार्डाला ग्रेड द्यायचाच नसतो!

म्हणूनच लेबल कोणाचं आहे यालाही भाव असतो. नवीन कार्डांमध्ये पीएसएचा १० बहुतेक वेळा इतरांच्या १० पेक्षा महाग जातो. कार्ड बदललेलं नसतं, ग्राहकांचा विश्वास बदललेला असतो.

'पहिलं' कार्डच महाग, असं नेहमी नसतं

जगातलं सगळ्यात प्रसिद्ध बेसबॉल कार्ड म्हणजे मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स. एसजीसी ९.५ ग्रेडचा एक नमुना ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकला गेला. विकणाऱ्याने तो १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतला होता. पण हे मँटलचं रुकी कार्ड नाही! रुकी कार्ड आहे १९५१ चं बोमन कंपनीचं, आणि ते यापेक्षा बरंच स्वस्त आहे.

असं का? १९५२ चा सेट टॉप्सचा पहिला मोठा सेट. मोठा आकार, भडक रंग. मँटलचं कार्ड वर्षाच्या शेवटी आलेल्या भागात होतं, तोवर पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं. माल पडून राहिला. टॉप्सच्या साय बर्गर यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट अशी की १९६० मध्ये उरलेली खोकी बार्जवर लादून अटलांटिक समुद्रात टाकून दिली. या गोष्टीने त्या कार्डाभोवती जे वलय तयार झालं ते १९५१ च्या कार्डाला कधीच मिळालं नाही. गंमत म्हणजे छपाईच्या शीटवर मँटल दोनदा छापलेला होता, म्हणजे त्याच भागातल्या बऱ्याच कार्डांपेक्षा तो जास्त निघाला.

उलट उदाहरण माइक ट्राउटचं. त्याचं अधिकृत रुकी कार्ड २०११ चं टॉप्स अपडेट. पण ३९ लाख ३६ हजार डॉलरला २०२० मध्ये गेलं ते २००९ चं बोमन क्रोम, तो मुख्य लीगमध्ये यायच्या आधीचं. त्यावर त्याची सही आहे आणि ते जगात एकच आहे, '१/१' असं छापलेलं. त्याचा बेकेट ग्रेड? ९. एकच तुकडा असेल तर ग्रेडला फार कोणी विचारत नाही. जिथे हजारो सारखी कार्डं असतात, तिथेच ९ आणि १० च्या मध्ये भिंत उभी राहते.

आता कंपन्यांनी हे गणित ओळखलंय. त्या मुद्दाम दुर्मीळ कार्डं बनवतात: ५० ची सोनेरी आवृत्ती, ५ ची लाल, एकच काळी. पॉल स्कीन्सच्या पदार्पणाच्या सामन्यात जर्सीवर लावलेला पॅच कापून एकाच कार्डात बसवला होता. लॉस एंजेलिसजवळच्या ११ वर्षांच्या एका मुलाला ते नाताळच्या भेटीतल्या पाकिटात मिळालं. पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्या कार्डाच्या बदल्यात ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली होती. कुटुंबाने लिलाव निवडला, आणि मार्च २०२५ मध्ये ११ लाख १० हजार डॉलर आले. रील्समध्ये दिसतं ते हे. त्या एका पाकिटामागे किती पाकिटं रिकामी गेली, ते रीलमध्ये दिसत नाही.

मग खेळाडूचं काय?

अर्थात मूळ मागणी त्याच्यामुळेच. पण रुकी कार्ड म्हणजे न खेळलेल्या कारकिर्दीवर लावलेले पैसे. स्टीफन स्ट्रासबर्गने जून २०१० मध्ये पदार्पणात १४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं आणि त्याची कार्डं पेटली. सप्टेंबरमध्ये त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. पिचरच्या कार्डांना फलंदाजांपेक्षा सहसा कमी भाव असतो त्याचं एक कारण हेच. एक अस्थिबंध तुटला की वर्ष गेलं.

मार्क मॅग्वायरने १९९८ मध्ये विक्रमी ७० होम रन मारले तेव्हा त्याचं १९८५ चं टॉप्स कार्ड, ज्यात तो अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघाच्या वेशात आहे, लोक वेड्यासारखे शोधत होते. पुढे स्टेरॉइड्सचं प्रकरण आलं, २०१० मध्ये त्याने कबुली दिली. हॉल ऑफ फेमचं दार बंद राहिलं आणि भाव कधीच परतला नाही. वॉन्डर फ्रँकोची कार्डं तर तो मुख्य लीगमध्ये येण्याआधीपासूनच महाग होती. २०२३ मध्ये त्याच्यावर गंभीर आरोप झाले आणि तो मैदानाबाहेर गेला. कार्ड स्लॅबमध्ये १० च राहिलं.

शिवाय सगळा बाजारच वरखाली होतो. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या लोकांनी माळे उपसले, कार्डांचा इतका पूर आला की मार्च २०२१ मध्ये पीएसएला बहुतेक सेवा थांबवाव्या लागल्या. तेव्हाच्या भावात घेतलेले बरेच जण अजून तेवढ्यावर परतलेले नाहीत. त्यामुळे भाव बघताना मागितलेली किंमत नको, विकलेली बघा. ईबे ॲपमध्ये फिल्टरमध्ये जाऊन 'सोल्ड आयटम्स' चालू करा. किमतीवर आडवी रेघ असेल तर समजा घासाघीस करून कमीत गेलंय, खरा आकडा तिथे दिसत नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या त्याच ग्रेडच्या पाच-सहा विक्री पाहिल्या की अंदाज येतो.

त्या स्क्रीनशॉटचं काय झालं?

स्लॅबच्या लेबलवर एक सर्टिफिकेट नंबर असतो. भावाला म्हटलं, आधी तो पीएसएच्या साइटवर टाक. टाकला. ग्रिफी, १९८९, अपर डेक, ग्रेड १०. सगळं जुळलं. तो लगेच, "बघ दादा, खरंय!"

इथेच फसायला होतं. ही माहिती सगळ्यांना खुली आहे, म्हणजे बनावट स्लॅब बनवणाऱ्यालाही. तो कुणाच्या तरी खऱ्या कार्डाचा नंबर उचलतो आणि तोच लेबलवर छापतो. नंबर जुळणं ही फक्त पहिली पायरी.

पण अलीकडे ग्रेड झालेल्या बऱ्याच कार्डांचे स्कॅनही त्या पानावर असतात. या नंबरचा होता. मी भावाला दोन्ही फोटो शेजारी ठेवायला सांगितले. साइटवरच्या कार्डाच्या डाव्या-उजव्या कडा जवळपास सारख्या. विकणाऱ्याच्या फोटोत डावी कड उजवीच्या दीडपट. वर सांगितलेल्या हिशेबाने ६०/४०. फोटो थोडा तिरका असेल म्हणून आम्ही वरच्या-खालच्या कडाही पाहिल्या, त्याही जुळेनात. कार्ड एकच असतं तर कडा बदलल्या नसत्या.

भावाने विकणाऱ्याला एवढंच लिहिलं की आजची तारीख कागदावर लिहून, स्लॅब प्रकाशात फिरवतानाचा व्हिडिओ पाठव, आणि पैसे मी खरेदीदाराला संरक्षण असलेल्या पद्धतीनेच देईन. दहा मिनिटांत लिस्टिंग गायब झालं आणि भाऊ ब्लॉक झाला.

पुढच्या आठवड्यात त्याने एका कार्ड शोमध्ये, हातात घेऊन, नंबर तपासून, तेच ग्रिफीचं कार्ड घेतलं. ग्रेड ८. मित्रांबरोबर दोनदा बाहेर जेवायला जाण्याच्या खर्चात आलं. अभ्यासाच्या टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवलंय, आणि कालच त्याने फोटो पाठवला: डावी कड ३१, उजवी २९.